नारळ फुटायच्या आधीचे तीन दिवस

मी फाटक्या तोंडाचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जळोचीत आमच्या आळीत कुणालाही विचारा. माझी बायको रेश्मा म्हणते, तुमचं डोकं जागं होईस्तोवर तुमचं तोंड अर्धं गाव फिरून आलेलं असतं. खरंय तिचं. पण गेल्या दसऱ्या-दिवाळीच्या मध्ये जे झालं, त्यात तोंड फार कमी चाललं. एकच वाक्य बोललो आणि नंतर अकरा दिवस गप्प बसलो. दोन्हीची लाज वाटते. बोललो त्याची थोडी कमी, गप्प बसलो त्याची जास्त.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसचं काम माझ्याकडं. कारखान्याचं नाव सांगत नाही, काय करायचंय घेऊन. तर त्या ऑफिसात सतरा वर्षांचा एक सर्व्हर होता. गुडघ्याएवढं काळं खोकं, पंखा असा घरघरायचा की माणसाला फोनवर बोलता येत नव्हतं. पुढच्या बाजूला वर्षानुवर्षांच्या खंडेनवमीचं हळद-कुंकू साचलेलं. आणि त्याच्या पोटात अख्ख्या गटातल्या उसाच्या लागणीच्या तारखा.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. लागण आधी ज्याची, तोड आधी त्याची. तारीख आठ दिवस इकडची तिकडं झाली तर नंबर पार मागं जातो आणि ऊस रानात उभा वाळतो. तारखेवरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं, एवढं हे नाजूक प्रकरण. म्हणून दर वर्षी हंगामाच्या तोंडावर कच्ची यादी लागते, लोक हरकती देतात, गटाचा माणूस रानात जाऊन बघून येतो, आणि खरी निघाली तर मशीनमध्ये तारीख दुरुस्त होते. हे शेवटचं काम संघपाल लोंढे यांचं.

संघपाल सत्तावन्न वर्षांचे. तीस वर्षं त्याच खुर्चीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि सकाळी आल्या आल्या पिवळ्या फडक्यानं ते खोकं पुसणार. प्रत्येक हरकतीच्या अर्जावर स्वतःच्या हातानं लिहिणार, ‘तारीख दुरुस्त केली’, खाली सही, तारीख, वेळ. ऑफिसात त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान लोकांना ‘राव’ नाहीतर ‘आबा’ होतं, पण त्यांना सगळे नुसतं संघपाल म्हणायचे. मीसुद्धा. मला कधी खटकलं नाही, आणि हेही आता सांगायला लाजच वाटते.

पितृपंधरवड्यातल्या गुरुवारी मी काम धरलं. काम असं, की जुन्या मशीनच्या पोटात जे आहे ते सगळं तसंच्या तसं उचलून एका मोठ्या फाईलीत भरायचं आणि ती फाईल नव्या सर्व्हरवर चालवायची. आतलं सगळं तेच, फक्त खोकं गेलेलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. दुपारपर्यंत कॉपी निघाली, नव्यावर चालवून बघितली, मख्खन. मी म्हणालो, “चला, आजच जुनं बंद करू.”

शेतकी अधिकारी विजयसिंह खुर्चीतून अर्धे उठले. “अहो राजवर्धन, डोकं बिकं फिरलंय का? पितृपंधरवडा हाय. नवी वस्तू चालू करतात व्हय कुणी? सोमवारी घटस्थापना. आप्पासाहेबांच्या हस्ते नारळ फोडू आणि मगच चालू करू.” आप्पासाहेब म्हणजे कारखान्याचे संचालक.

संघपाल शांतपणे म्हणाले, “साहेब, मशीनला कुठले पितर? चाललंय तर आजच चालू करू द्या. उद्यापासनं तीन दिवस हरकतींचं भरायचंय. दोन मशीनच्या मध्ये काम अडकायला नको.”

“तुला न्हाय कळायचं त्यातलं,” विजयसिंह म्हणाले. आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, चांगला खो खो हसलो. म्हणालो, “संघपाल, तुम्ही बिनधास्त जुन्यावर काम करा. सोमवारी चालू करायच्या आधी मी परत एकदा कॉपी मारतो. तुमचं एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. माझी जबाबदारी.”

ते ‘बरं’ म्हणाले आणि अर्जांचा गठ्ठा पुढं ओढला.

सोमवारी मी नऊला पोचलो तर ऑफिसला झेंडूची तोरणं. आप्पासाहेबांना आणखी चार ठिकाणी घटाला जायचं होतं म्हणून ते तासभर आधीच येऊन बसलेले. माइक लावायला कुणीतरी जुन्या सर्व्हरचा प्लग काढून टाकला होता. मी ते बघितलं. मनात आलंही, की हे परत चालू करायचं, कॉपी मारायची, म्हणजे दोन तास गेले. तेवढ्यात माझ्या डोक्यावर फेटा बांधायला सुरुवात झाली. “हलू नका हो, शेमला वाकडा होतोय.” आप्पासाहेब म्हणाले, “आटपा लवकर.” नारळ फुटला, मी गुरुवारची कॉपी चालू केली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले, पेढा तोंडात आला. आणि पेढ्याबरोबर ती दुसरी कॉपी मी गिळून टाकली. आमच्या गावच्या ग्रुपवर माझा फेट्यातला फोटो दोन दिवस फिरत होता.

जाताना विजयसिंह म्हणाले, “ते जुनं खोकं घेऊन जावा, इथं अडगळ होतीय.” मी गाडीत टाकलं आणि दुकानात टेबलाशेजारी उभं केलं. उंचीला बरोबर बसलं. त्यावर मी चहाचा ग्लास ठेवायला लागलो.

दसऱ्यानंतर पक्की यादी लागली आणि गटात आगडोंब उसळला. सदतीस जणांच्या हरकती मान्य होऊनही तारखा जुन्याच. वर्षाआधी लावलेला आडसाली ऊस उभा राहणार आणि मागनं लागण केलेल्यांचा आधी तुटणार. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच दिवशी अकराच्या सुमाराला विजयसिंहांचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक, हातात उघडा लॅपटॉप, माझं डोकं आधीच तापलेलं.

“राजवर्धन, जुन्यातनं नव्यात घेताना काही राहून जाऊ शकतंय का हो? म्हणजे भरलेल्या तारखा वगैरे?”

माझ्या कामावर शंका घेतली की मला मिरची झोंबते. मी फाडकन म्हणालो, “साहेब, मशीन विसरत नसतं. माणूस विसरतो. भरलंच नसेल त्यांनी, बघा जरा.” आणि फोन ठेवला.

ठेवला, ग्लास उचलायला हात खाली नेला, आणि बोटांना ते खोकं लागलं. गार पत्रा, कुंकवाचा खरबरीतपणा. शुक्रवार, शनिवार, रविवार. कॉपी गुरुवारची. घरातल्यांचा फोटो गुरुवारी काढला आणि बाळ शुक्रवारी झालं, तर फोटोत बाळ कुठनं दिसणार? एवढी साधी गोष्ट. आणि मी या धंद्यात बारा वर्षं.

तेव्हाच उलटा फोन लावायचा होता. दोन मिनिटांचं काम. नाही लावला. का नाही लावला याचं मी स्वतःला तेव्हा जे कारण सांगितलं ते असं: लोणी देवकरच्या एका कंपनीचं असंच काम माझ्याकडं येऊ घातलं होतं आणि ते विजयसिंहांच्या शब्दावर येणार होतं. म्हटलं, ते एकदा हातात पडू दे, मग सांगू. पण खरं कारण तो फेटा होता. फेटा बांधून फोटो काढलेला माणूस ‘मी विसरलो’ म्हणून कसा सांगणार?

तिसऱ्या दिवशी कळलं की संघपालांना सक्तीच्या रजेवर पाठवलंय. अर्जावर ‘दुरुस्त केली’ म्हणून सही आहे आणि मशीनमध्ये काही नाही, म्हणजे खोटी सही केली, असा ठपका. चौकशी लागली. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. यादीच्या फळ्यावरच त्यांच्या नावाची नोटीस लावली.

त्या गटातला एक जण माझ्याकडं चार्जर घ्यायला आला. सहज म्हणून बोलला, “त्या संघपालानं वाटोळं केलं बघा. कुणाच्या तरी वशिल्यानं तारखा दाबल्या. असल्यांना खुर्चीत बसवलं की हेच व्हायचं.” ‘असल्यांना’ म्हणताना त्यानं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला, म्हणजे आपण दोघं एकाच घरातले. मी काय केलं? चार्जर पिशवीत घातला. वर म्हणालो, “वॉरंटी सहा महिने हाय.”

चहाचा ग्लास त्या खोक्यावर ठेवायचं मी बंद केलं. त्यावर एक पोतं टाकलं. गिऱ्हाईक नसलं की पोत्याकडं बघायचो. एकदा दुपारी शटर अर्धं ओढून मशीन चालू केलं. पंखा घरघरला. आत सगळं होतं. सदतीसच्या सदतीस. शुक्रवारी अकरा, शनिवारी एकोणीस, आणि रविवारी, सर्वपित्रीच्या दिवशी, सुट्टी असताना येऊन भरलेल्या सात. शेवटची पाच वाजून चाळीस मिनिटांची. प्रत्येकीच्या पुढं शेरा, ‘रानात पाहणी झाली, हरकत रास्त.’

आणि मग एक गोष्ट मी केली जी रेश्माला सोडून कुणाला सांगितली नव्हती. डिस्क पुसायचा प्रोग्राम उघडला. ‘पुसायचं का?’ असं स्क्रीनवर आलं. बोट बटणावर होतं. पुसलं असतं तर जगात कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, “दुकान चालू हाय का?” मी दचकून बोट काढलं. मला पश्चात्ताप झाला म्हणून ती डिस्क वाचली नाही. एका माणसाला पेनड्राईव्ह पाहिजे होता म्हणून वाचली.

त्या संध्याकाळी घरी जेवण जाईना. रेश्मानं विचारलं, मी सगळं ओकलो. मला वाटलं ती चिडेल, भांडेल. तिनं ताट उचललं आणि एवढंच म्हणाली, “मग उद्या सकाळी तुम्ही दुकानात चाललाय का इंदापूरला?”

सकाळी खोकं गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि निघालो. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन ही गावं मागं पडली. निमगावला चहाला थांबलो आणि तिथनं परत फिरावं असं दोनदा वाटलं. आमच्या बापानं मला शेतातलं काही शिकवलं नाही, पण चूक झाली की पळू नको हे काठीनं शिकवलं होतं. ते सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे.

संघपालांचं घर इंदापुरात, दोन खोल्या आणि पुढं पडवी. ते पडवीत बसून वहीत काहीतरी लिहीत होते. पांढरा शर्ट इस्त्रीचाच. जायचं कुठं नव्हतं तरी.

“या, राजवर्धनराव.” त्यांनी आत बघून पाणी सांगितलं.

मी बसलो नाही. “तात्या,” मी म्हणालो. पहिल्यांदाच तोंडातून आलं. त्यांनी मान वर करून बघितलं. “तात्या, चूक माझी आहे. दुसरी कॉपी मी मारलीच नाही. तुमचं सगळं जुन्यात आहे. गाडीत आणलंय.”

“माहीत हाय,” ते म्हणाले.

“माहीत आहे?”

“गेलेलं सगळं त्या तीन दिवसांचंच हाय. त्याच्या आधीचं एक न्हाय, नंतरचं एक न्हाय. तीस वर्षं कारकुनी केली, एवढं कळंना व्हय मला?” त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. सदतीस नावं, गट नंबर, तारखा. आठवून आठवून लिहिलेलं. “तीन तारखा राहिल्यात आठवायच्या.”

“मग तुम्ही बोलला का नाही?” माझा आवाज उगीच चढला. “साहेबांना सांगायचं होतं ना!”

“सांगितलं की. यादी लागली त्याच दिवशी. म्हणलं, कॉपीत राहिलं असंल, राजवर्धनरावांना इचारा. साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला तुम्हाला. स्पीकरवर.”

“स्पीकरवर?”

“व्हय. गेणबा हुता, त्याचीबी तारीख गेलेली, आणखी आठ-धा जण हुते दारात. तुमी म्हणला, मशीन विसरत न्हाय, माणूस विसरतो.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मग गेणबानं माझी गचांडी धरली. सगळ्यांच्या देखत.”

मी खाली बसलो. पडवीच्या फरशीवरच. पाणी आलं, तांब्या तसाच शेजारी ठेवला.

“दोन दिवस फोनची वाट बघितली,” ते म्हणाले. “मला वाटलं, घरी गेल्यावर आठवंल तुम्हाला. मग कळलं, आठवलंय.”

आम्ही दोघं गट ऑफिसला गेलो. जुनं खोकं मी स्वतः उचलून विजयसिंहांच्या टेबलावर ठेवलं, प्लग लावला, पंखा घरघरला, आणि सदतीस तारखा दाखवल्या. मी काय केलं, काय केलं नाही, सगळं सांगितलं. त्या पुसायच्या बटणापर्यंत सांगितलं. विजयसिंहांनी एकेक तारीख शेवटपर्यंत वाचली. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

“बरं झालं, सापडलं एकदाचं. ही नोटीस काढून टाकू. तांत्रिक अडचणीमुळं तारखा राहिल्या होत्या, असं लिहू. राजवर्धन, तुमचंही नाव नको, कारखान्याचंही नको, विषय संपला.”

एक क्षण, अगदी एकच क्षण, मला हायसं वाटलं. तेवढ्या क्षणाचीही लाज वाटते. संघपालतात्या फळ्याकडं बघत होते, जिथं त्यांचं नाव ठळक अक्षरात होतं. मी टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘पक्क्या यादीतील सदतीस चुका संघपाल लोंढे यांच्या नाहीत. त्यांनी काम वेळेत व बरोबर केले होते. चूक माझी आहे, आणि ती कळूनही मी लपवली.’ खाली पूर्ण नाव, गाव जळोची, सही, तारीख, वेळ. त्यांच्यासारखीच. फळ्यावर स्वतः टाचणी मारली.

बाहेर माणसं जमायला वेळ लागला नाही. एकानं मोठ्यानं वाचलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. म्हटलं, आता शिव्या बसणार, कदाचित हातही पडतील, पडू देत. गेणबा गर्दीतनं पुढं आला. हाच तो, गचांडी धरणारा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“असू द्या ओ, राजवर्धनराव. चूक हुती माणसाकडनं. तुमी सोताहून येऊन कबूल केलं, ह्याला मोठं मन लागतं. आजकाल कोण करतंय एवढं?”

“खरंय, खरंय,” मागनं दोघं-तिघं म्हणाले. कुणीतरी मला खुर्ची आणली. कुणीतरी चहा सांगितला. अकरा दिवस त्या माणसाला ज्यांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं, त्यांनी मला दोन मिनिटांत माफ केलं. वर कौतुक केलं. माझं! मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे मला नको, त्यांच्याशी बोला. फाटक्या तोंडाचा माणूस मी, पण तोंड उघडंना. शेवटी कसंबसं म्हणालो, “गेणबा, तात्यांना काहीतरी म्हण.”

गेणबानं खिडकीतून आत बघितलं. “संघपाल, झालं का रं दुरुस्त आमचं?” एवढंच म्हणाला.

तात्या आत त्यांच्या जागेवर जाऊन बसले होते. नव्या मशीनवर पहिली तारीख भरत होते, शेजारी वही उघडी. चहा आला तो माझ्या एकट्यासाठी. मी कप घेऊन आत गेलो आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलून कीबोर्डपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवला.

“हे भरून झाल्यावर कॉपी घेणार हाय नव्हं तुमी?”

“घेतो, तात्या.”

“मग ती हुईस्तोवर मी हितंच बसतो,” ते म्हणाले आणि पुढचा अर्ज घेतला.